पोरगं बॅकला खेळतंय म्हणून रडतंय

गेल्या अंकात १९९४ च्या वर्ल्डकपमधल्या बल्गेरियाच्या टीमवर मी चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यांच्या दाढीवाल्या स्टॉपरचा (म्हणजे गोलसमोर मधोमध खेळणाऱ्या बॅकचा) नुसता उल्लेख केला होता. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं खरंच वाटलं नव्हतं, सांगली-मिरजेतून तर आलेच पण तासगाव, सातारा इथूनही आले. सगळ्यांना उत्तर द्यायला जागा नाही. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण ते वाचून मी स्वतः दोन दिवस अस्वस्थ होतो.

सर नमस्कार. माझा मुलगा आठवीत आहे. दोन वर्षं फॉरवर्ड खेळायचा, या जूनपासून त्याच्या कोचनी त्याला मागं स्टॉपरला टाकलंय. रोज घरी येऊन रडतो, म्हणतो मागं खेळणाऱ्याला कोण विचारतं. त्याचे पप्पा म्हणतात मग सोड ते आणि अभ्यासाला बस. तुम्ही लिहिलेल्या त्या बल्गेरियाच्या खेळाडूचं करिअर नेमकं कसं झालं ते सांगाल का? पोराला वाचून दाखवते. (एक आई, विश्रामबाग, सांगली)

ताई, वाचून दाखवणार म्हणालात म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

त्याचं नाव त्रिफोन इवानोव. जन्म २७ जुलै १९६५, वेलिको तर्नोवो भागातल्या एका गावात. म्हणजे राजधानी सोफियातला नाही, आपल्याकडं मुंबई-पुण्याचा नाही तर जत-आटपाडीकडचा म्हणतो ना तसा. वेलिको तर्नोवो ही बल्गेरियाच्या जुन्या राजांची राजधानी, टेकडीवर किल्ला, खाली नदी वळसे घेत गावातून जाते, साताऱ्याच्या माणसाला तिथं परकं वाटणार नाही. तिथल्या एतर नावाच्या क्लबकडून तो खेळायला लागला आणि १९८८ ला सोफियाच्या सीएसकेए क्लबात गेला, हा तिकडचा आर्मीचा क्लब. १९८९ आणि १९९० अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांनी लीग जिंकली. १९८८ लाच तो देशाकडून पहिली मॅच खेळला.

त्याच सीएसकेएत ह्रिस्तो स्तोइचकोव नावाचा फॉरवर्ड होता. १९८९ ला कप विनर्स कपच्या (देशोदेशीचे कप जिंकणाऱ्या युरोपातल्या क्लबांची तेव्हाची स्पर्धा) सेमीफायनलला त्यांची गाठ बार्सिलोनाशी पडली, हरले, पण स्तोइचकोवनं दोन मॅचमधे मिळून ३ गोल मारले आणि बार्सिलोनाचे कोच योहान क्रायफ यांच्या डोळ्यात तो भरला. तोपर्यंत बल्गेरियात कम्युनिस्ट सरकार होतं आणि खेळाडूंना बाहेरच्या क्लबमधे सहजासहजी जाऊ देत नसत. नोव्हेंबर १९८९ मधे ते सगळं कोसळलं, दारं उघडली आणि चांगली चांगली पोरं बाहेर पडली. स्तोइचकोव १९९० ला बार्सिलोनाला गेला, तिथं लीगा जिंकल्या, युरोपियन कप जिंकला. इवानोव पण त्याच सुमाराला स्पेनलाच गेला, पण बेटिस या सेव्हिलच्या क्लबला, आणि बेटिस त्या १९९०-९१ च्या सीझनला शेवटच्या नंबरवर राहून खालच्या डिव्हिजनमधे गेली.

इथं जरा थांबा आणि पोराला विचारा, तू असतास तर काय वाटलं असतं तुला. एकाच ड्रेसिंग रूममधले दोघं, एकाच देशात गेले, फॉरवर्डचा फोटो जगभर छापून येतोय आणि बॅकवाला बुडणाऱ्या टीममधे मागं उभा राहून आठवड्यामागून आठवडे मार खातोय. इवानोव खेळत राहिला. पुढं स्वित्झर्लंडला न्यूशातेलच्या झामाक्स क्लबात गेला, तिथं तर आपल्यापैकी कुणी कधी लक्षही दिलं नसतं. पण देशाच्या टीममधली त्याची जागा गेली नाही, कारण कोच दिमितार पेनेव हे स्वतः जुने डिफेंडर, देशाकडून ९० मॅच खेळलेले. मागं कोण पाहिजे हे त्यांना बरोबर कळत होतं.

आता १९९४. त्या आधी बल्गेरिया ५ वेळा वर्ल्डकपला गेली होती, १६ मॅच खेळली होती आणि एकही जिंकली नव्हती. एकही नाही. अमेरिकेत पहिल्या मॅचला नायजेरियानं ३-० मारलं म्हणजे १७ झाल्या. मग ग्रीसला ४-०, अर्जेंटिनाला २-०, मेक्सिकोला पेनल्टीवर (या मॅचमधे मेक्सिकोचा एक खेळाडू जाळ्यात पडला आणि गोलपोस्टच मोडली, मॅच थांबवून दुसरी आणून बसवली), आणि मग क्वार्टर फायनलला समोर जर्मनी, आधीचा वर्ल्ड चॅम्पियन.

१० जुलै १९९४, रविवार. आपल्याकडं रात्र होती. मी तेव्हा बावीस वर्षांचा, मिरजेच्या एका टीमचा स्टॉपर, आणि आमच्या वाड्यात शेजारच्या काकांकडं टीव्ही होता तिथं आम्ही दहा-बारा जण दाटीवाटीनं बसलो होतो, बाहेर पाऊस, काकूंनी भडंग केलेलं. सगळे जर्मनीकडून. मी मात्र त्या दिवशी ठरवून बॉल बघितला नाही, फक्त इवानोवला बघायचं असं ठरवलं. टीव्हीवर हे अवघड असतं कारण कॅमेरा बॉलच्या मागं पळतो, पण जर्मनी अटॅकला आली की तो दिसायचाच. एका बाजूला तो, एका बाजूला पेतर हुबचेव, आणि मधून क्लिन्समन आणि फोलर घुसायला बघतायत. मला काय दिसलं सांगतो. तो क्लिन्समनकडं तोंड करून कधीच उभा नव्हता, अर्धा त्याच्याकडं, अर्धा बॉलकडं, आणि मान सारखी फिरत होती, बॉल, माणूस, बॉल, माणूस. आपण गाडी चालवताना आरशात बघतो तसं. मी तोपर्यंत सहा वर्षं स्टॉपर खेळत होतो आणि मला ही मान फिरवायची गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

४७ व्या मिनिटाला माथेउसनं पेनल्टीवर गोल केला. ७५ व्या मिनिटाला स्तोइचकोवनं फ्री किक भिंतीवरून घातली, १-१. ७८ ला लेचकोवनं डोकं घातलं, २-१. वाड्यात सन्नाटा. आणि मग राहिलेली बारा मिनिटं आणि वरचा वेळ, तेवढ्यात जर्मनी एक गोल काढेलच अशी सगळ्यांची खात्री, कारण जर्मनी काढतेच. नाही निघाला. माझ्या पाठीला घाम आला होता ते अजून आठवतंय.

दुसऱ्या दिवशी पेपरात स्तोइचकोव आणि लेचकोव. बरोबरच आहे, गोल त्यांनी मारले. पण मला ते लागलं, कारण त्याच वर्षी आमची टीम इथल्या एका स्पर्धेची फायनल १-० नं जिंकली होती, आमच्या फॉरवर्डचं नाव आणि फोटो छापून आला आणि शेवटी एक ओळ होती, 'त्याला बचावफळीची मोलाची साथ लाभली'. बचावफळीत आम्ही चौघं होतो. माझ्या आईनं ते कात्रण कापून ठेवलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ओळ दाखवून सांगायची, ह्यात आमचा आहे. त्यामुळं ताई, तुमचं पोरगं का रडतंय ते मला कळतं, त्याला उगाच रागवू नका आणि 'मागं खेळणं पण महत्त्वाचं असतं' असलं काही सांगू पण नका, त्यानं काही समाधान होत नाही.

त्याऐवजी इवानोवचं पुढचं सांगा. बल्गेरिया सेमीफायनलला इटलीकडून २-१ हरली, चौथी आली. १९९५ ला इवानोव रॅपिड व्हिएन्नाला गेला. त्या सीझनला रॅपिडनं ऑस्ट्रियाची लीग जिंकली आणि कप विनर्स कपच्या फायनलपर्यंत गेली. सेमीफायनलला फेयेनूर्दसारख्या टीमला हरवलं होतं. ८ मे १९९६, ब्रुसेल्स, समोर पॅरिसचा क्लब पीएसजी. ०-१ हरले. गोल कुणी मारला माहितीय? ब्रुनो एन्गोटीनं, पीएसजीचा स्टॉपर, लांबून फ्री किकवर. युरोपातली फायनल एका बॅकच्या गोलवर सुटली, हे पोराला नक्की सांगा.

इवानोव स्वतः पण लांबून मारायचा, हाफ लाइन ओलांडली की त्याचा पाय शिवशिवायचा. देशाकडून ७६ मॅच, ६ गोल. सहाच, पण त्यातला एक ऐका. १० सप्टेंबर १९९७, सोफिया, समोर रशिया, १९९८ च्या वर्ल्डकपची क्वालिफायर. बल्गेरिया १-० नं जिंकली, गोल इवानोवचा, आणि टीम फ्रान्सच्या वर्ल्डकपला पक्की झाली. त्यानंतर आजपर्यंत बल्गेरिया पुन्हा वर्ल्डकपला पोचलेली नाही. म्हणजे त्या देशाला शेवटचं तिकीट काढून दिलं ते स्टॉपरनं.

फ्रान्समधे मात्र हाल झाले, पॅराग्वेशी ०-०, नायजेरियाशी ०-१, स्पेननं ६-१ धुतलं. इवानोव तेव्हा ३३ कडं आलेला. ती त्याची देशासाठी शेवटची स्पर्धा. त्याआधीच तो रॅपिड सोडून व्हिएन्नातल्याच ऑस्ट्रिया व्हिएन्नाला गेला होता, आणि हे दोन क्लब म्हणजे एकमेकांचं तोंड न बघणारे. शेवटी त्याच शहरातल्या फ्लोरिड्सडॉर्फच्या छोट्या क्लबात खेळला. वर्ल्डकप सेमीफायनल खेळलेला माणूस पस्तिशीच्या आसपास गल्लीतल्या क्लबात खेळतोय. मला यात कमीपणा काहीच दिसत नाही, खेळायची हौस असल्याशिवाय कुणी असं करत नाही.

राहिला कोचचा विषय. एकदा जाऊन शांतपणे विचारा, मागं का टाकलंय. चांगला कोच मागं त्याच पोराला ठेवतो जो घाबरत नाही आणि जो बोलतो, बाकीच्यांना ओरडून जागा सांगतो. जर उत्तर आलं की 'पुढं चालत नाही म्हणून', तर मात्र मला परत लिहा, कारण तेरा-चौदाच्या पोरावर एका जागेचा शिक्का मारणं मला पटत नाही, त्या वयात सगळीकडं खेळवलं पाहिजे. आणि पप्पांना माझा नमस्कार सांगा, अभ्यास आणि ग्राउंड दोन्ही होतं, संध्याकाळचा दीड तास कुठं जातो तसा.

सर, बल्गेरियाच्या टीममधे सगळ्यांची नावं ओव नाहीतर एव वर का संपतात? आडनाव आहे का जात? (निवृत्त शिक्षक, मिरज)

गुरुजी, हा प्रश्न मला त्या वेळी कॉमेंट्री ऐकताना पण पडला होता, मिहायलोव, इवानोव, हुबचेव, किर्याकोव, लेचकोव, बालाकोव, ऐकून ऐकून सगळे भाऊच वाटायचे.

जात वगैरे नाही. ओव किंवा एव म्हणजे आपला 'चा'. इवानोव म्हणजे इवानचा, पेनेव म्हणजे पेन्योचा. कधीकाळच्या आजोबा-पणजोबाचं नाव आणि त्याला 'चा'. बाईचं आडनाव असेल तर 'ची', म्हणजे ओवा, एवा. इवानोवची बहीण असेल तर ती इवानोवा. आपल्याकडं कर लावून गाव सांगतात, सांगलीकर, मिरजकर, तिकडं माणूस सांगतात.

आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट, त्यांचं पूर्ण नाव आपल्यासारखंच लिहितात, आधी स्वतःचं, मधे वडिलांचं, शेवटी आडनाव. त्रिफोन मारिनोव इवानोव. मधलं मारिनोव म्हणजे वडील मारिन. शाळेच्या हजेरीत आपण लिहितो अगदी तसंच. युरोपातल्या बऱ्याच देशांत हे मधलं नाव असं नसतं, त्यामुळं फॉर्म भरताना आपल्या पोरांना तिकडं जो त्रास होतो तो बल्गेरियात होणार नाही.

९४ ला बल्गेरिया फ्लूकवर जिंकली. जर्मनीचा गोल ऑफसाइड दिला नसता तर? (कॉलेजचा विद्यार्थी, सांगली)

मित्रा, फोलरचा गोल ऑफसाइड दिला हे खरं, मोलरचा बॉल पोस्टला लागला हे पण खरं. पण फ्लूक एकदा होतो. ७ जून १९९५ ला युरो कपच्या क्वालिफायरला सोफियात तीच जर्मनी २-० नं पुढं होती आणि बल्गेरियानं ३-२ नं हरवली. आणि त्या अमेरिकेला जायच्या आधी, १७ नोव्हेंबर १९९३ ला, पॅरिसमधे फ्रान्सला शेवटच्या मिनिटात कोस्तादिनोवच्या गोलवर २-१ हरवून फ्रान्सलाच घरी बसवलं होतं. दोन वर्षांत एवढे मोठे तीन निकाल लागले तर त्याला टीम म्हणतात.

इवानोव आता काय करतात? कोच आहेत का? (वाचक, शाहूपुरी, सातारा)

ते गेले हो. १३ फेब्रुवारी २०१६ ला, हार्ट अटॅकनं, वय फक्त ५०. वेलिको तर्नोवोजवळच राहत होते, स्वतःच्या भागात. खेळ सुटल्यावर टीव्हीवर, पेपरात फारसे दिसायचे नाहीत, बाकीच्यांपैकी लेचकोव स्लिवेन शहराचे महापौर झाले, हुबचेव पुढं देशाच्या टीमचे कोच झाले, हे मात्र बाजूला राहिले. तिकडची माणसं त्यांना लांडगा म्हणायची, त्या दाढी-केसांमुळं आणि खोल डोळ्यांमुळं, आणि पनिनी कंपनीच्या वर्ल्डकप स्टिकरमधला त्यांचा फोटो अजून लोक जपून ठेवतात. बातमी मला सकाळी फोनवर कळली तेव्हा मी ग्राउंडवर होतो. पोरांना काही सांगितलं नाही, त्यांना नावही माहीत नव्हतं. फक्त त्या दिवशी सगळ्यांना मान फिरवायची प्रॅक्टिस दिली, बॉल, माणूस, बॉल, माणूस.

सर मी अकरावीला आहे, उंची ५ फूट ६ इंच. स्टॉपर व्हायचंय. सगळे म्हणतात बुटका आहेस. आणि मी टॅकल केलं की रेफरी दर वेळी फाऊल देतो, यलो कार्ड पण दोनदा मिळालं. काय करू? (तासगाव)

बाळा, उंचीचं आधी. इटलीचा फाबिओ कानावारो ५ फूट ९ इंच, स्टॉपर म्हणून हे कमीच, आणि २००६ ला कॅप्टन म्हणून वर्ल्डकप जिंकला आणि त्याच वर्षी बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस, ते पण. तू अजून वाढशील, नाही वाढलास तर उडी वाढव. हेडिंगला उंचीपेक्षा टायमिंग लागतं, समोरच्याच्या आधी अर्धा सेकंद हवेत असलास की तो उंच असून उपयोग नाही.

आता फाऊल. तू तासगावचा, कबड्डी बघितली असशीलच, नाहीतर खेळला पण असशील. कव्हरला उभा राहिलेला पोरगा रेडर पुढं आला की लगेच झेप घेतो का? घेतली की गेला, रेडर हात लावून पॉइंट घेऊन जातो. तो मागं मागं सरकतो, रेडरचा पाय वळायची वाट बघतो आणि वळला की मग पकड. फुटबॉलला हेच. फॉरवर्ड बॉल घेऊन अंगावर आला की तू त्याच्यावर तुटून पडतोस, माझी खात्री आहे, कारण तुझ्या वयाला सगळे तेच करतात. पडू नकोस. हातभर अंतर ठेवून मागं सरक, तिरका उभा राहा, त्याला बाहेर साइडलाइनकडं ढकलत ने. त्याच्या पायाकडं बघू नकोस, पाय फसवतात, बॉलकडं बघ आणि कंबरेकडं. बॉल त्याच्या पायापासून एक वीत जरी लांब गेला तरी तो क्षण तुझा.

आणि मागून टॅकल बंद म्हणजे बंद. १९९४ च्या वर्ल्डकपपासूनच रेफरींना सांगितलंय, मागून पाय घातला की सोडायचं नाही. जुन्या काळात चालायचं, आमच्या लहानपणी तर मागून पाडणाऱ्याला शाबासकी मिळायची. त्यात १९९२ ला अजून एक नियम आला, आपल्या माणसानं पायानं दिलेला बॉल गोलकीपरला हातात घेता येत नाही. तोवर अडचण आली की बॉल मागं ढकलायचा आणि तो उचलायचा, विषय संपला. इवानोवच्या पिढीला हे दोन्ही बदल ऐन भरात असताना अंगवळणी पाडावे लागले, सत्ताविसाव्या वर्षी नव्यानं बॉल पायात ठेवायला शिकावं लागलं. तुला सोळाव्या वर्षी शिकायचंय, सोपं आहे. डाव्या पायानं पण पास द्यायला शिक, भिंतीवर रोज शंभर.

अजून एक, आपल्याकडं जुलै-ऑगस्टला काळ्या मातीचं ग्राउंड म्हणजे लोणी. स्लाइड मारलीस की तू थांबतच नाहीस, बॉल निघतो आणि वर त्याच्या घोट्यावर जातोस, तुझी दोन्ही यलो कार्डं पावसातलीच असणार. पाऊस असला की उभ्यानं खेळ, खांदा लाव, स्लाइड नाही.

आमची पोरं रविवारी सकाळी सातला सांगलीच्या ग्राउंडवर असतात, पत्ता संपादकांकडून घे आणि ये एकदा, मला तुझं सरकणं बघायचंय. बूट नसले तरी चालतील, शिनगार्ड मात्र घालून ये.